तीन नंबरची चौकट

त्या सकाळी एव्हिमोरमध्ये जितकी हलक्या मनाची माणसं भेटली, तितकी मी इतक्या वर्षांत ब्रिटनमध्ये कुठे पाहिली नव्हती. एव्हिमोर हे स्कॉटलंडमधलं डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव. एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना जाड कोटांची आणि चहा-केकची दुकानं, आणि समोर डोंगर. तिथला सगळा हिवाळा बर्फावर चालतो, आणि त्या वर्षी फेब्रुवारी निम्मा झाला तरी बर्फाचा पत्ता नव्हता. शाळांची सुट्टी सुरू झाली, आमच्यासारखे लोक लांबलांबून येऊन पोचले, आणि मग एकदाचा तो पडला. बेकरीतल्या बाईंनी आम्हाला पाव देताना असं हसून पाहिलं, जणू तो आमच्या रीडिंग शहरातून आम्हीच गाडीत घालून आणला होता.

"आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या.

रस्त्यावर उभ्या गाड्यांना गुबगुबीत टोप्या चढल्या होत्या. पाऊल टाकलं की साखर चिरडल्यासारखा आवाज यायचा. अकरा वर्षांची माझी लेक प्रत्येक गाडीच्या बोनेटवर बोटाने एक एक हसरा चेहरा काढत चालली होती. माझा नवरा तिच्यामागे, सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. त्याची पाठ दुखते म्हणून तो स्की करणार नव्हता. "मी कॉफी पिणार आणि तुम्ही पडताना फोटो काढणार," हे त्याने घरीच जाहीर केलं होतं.

मी मनातून फार खूश होते. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातून निघालेली मी, घरातली पहिली पदवीधर. लेकीला शाळेच्या सुट्टीत बर्फात खेळायला आणू शकते, याचं मला खरोखर अप्रूप वाटत होतं. अजूनही वाटतं.

चूक मात्र मी तीन आठवडे आधीच करून ठेवली होती, घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

स्की भाड्याने घ्यायचा आणि क्लासला नाव घालायचा एकच फॉर्म होता, ऑनलाइन. उंची, वजन, वय, बुटाचा नंबर, आणि खाली तीन चौकटी. एक : सावकाश, जपून. दोन : मध्यम वेग. तीन : वेगाने, आत्मविश्वासाने. यांतली एक निवडायची. लेकीचे घराजवळच्या इनडोअर स्लोपवर, म्हणजे छपराखालच्या उतारावर, सहा क्लास झाले होते. मी माझ्यासाठी एक निवडला, तिच्यासाठी तीन.

नवरा भांडी पुसत मागून बघत होता. "अगं, तीन कसा? सहाच तर क्लास झालेत तिचे."

"सहाव्या क्लासला बाई तिला एक्सलंट म्हणाली. मी ऐकलंय."

"इथे सगळ्यांना एक्सलंट म्हणतात. परवा मी नुसती गाडी रिव्हर्स केली तर शेजारचे आजोबा ब्रिलियंट म्हणाले."

"खालच्या ग्रुपमध्ये एकदा घातलं की तिथेच ठेवतात," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

हे वाक्य माझं नव्हतं. ते मी पाचवीत असताना ऐकलं होतं. आमच्या शाळेत अ, ब आणि क अशा तुकड्या होत्या. आमच्या वस्तीतली मुलं न विचारता क मध्ये जायची. क च्या वर्गात गणिताचे सर आठवड्यातून दोनदा यायचे आणि इंग्रजीच्या बाई त्याहून कमी. वस्तीतल्या विहारात एक सर संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेत. त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "पोरीची तुकडी बदलून घ्या. खालच्या तुकडीत एकदा घातलं की तिथेच ठेवतात." वडील एसटी डेपोत गाड्या धुवायचे. ड्यूटी संपल्यावर ते तीन दिवस सलग हेडमास्तरांच्या दारात उभे राहिले. सहावीत मी अ तुकडीत बसले. पुढे कॉलेज, नोकरी, इथला व्हिसा, हे सगळं मी त्या बाकापासून मोजते. त्यामुळे कुठल्याही फॉर्मवर एकाखाली एक चौकटी दिसल्या की माझा हात विचार न करता सगळ्यात वरच्या दर्जाकडे जातो.

डोंगराच्या पायथ्याशी, गाड्या लावतात तिथेच, स्की भाड्याने देणारं काउंटर होतं. तिथला माणूस समोरचा कागद बघून लेकीच्या स्कीवरचा एक स्क्रू पिळत होता. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

"आई, थ्री म्हणजे काय?" लेकीने कागदावर बोट ठेवून विचारलं.

"थ्री म्हणजे तू हुशार."

तिने कागदावरचं बोट काढून घेतलं. नंतर म्हणाली, "ओके."

तीन नंबरच्या ग्रुपची मुलं लाल झेंड्याजवळ जमत होती. सगळी तिथलीच असावीत. बोलता बोलता एका पायावर घसरत होती, मागे जात होती, जशी आपली मुलं हात सोडून सायकल चालवतात. त्यांचे शिक्षक म्हणाले, आईबाबांनी आता जावं, मुलं तुमच्याशिवाय चांगली शिकतात. मी लेकीच्या हेल्मेटवर टपली मारली आणि माझ्या क्लासकडे गेले.

आमच्या क्लासमध्ये आम्ही पाच मोठी माणसं आणि साठीच्या एक बाई शिकवायला. ऊन पडलं होतं. बर्फ इतका चमकत होता की डोळे बारीक करावे लागत. पाय फेंगडे करून उभं राहायचं, गुडघे वाकवायचे आणि हळूच सुटायचं. पहिल्यांदा मी दहा फूट गेले आणि स्वतःच मोठ्याने हसले. दुसऱ्यांदा पंधरा फूट. तिसऱ्यांदा मात्र माझे पाय एकमेकांत अडकले, मी आडवी झाले, खट्ट असा आवाज झाला आणि माझी एक स्की पायातून सुटून बाजूला जाऊन पडली.

"सॉरी, सॉरी," मी म्हणाले. "मोडलं वाटतं माझ्याकडून."

बाई हसल्या. स्की उचलून आणली आणि बूट जिथे अडकतो तो खटका मला दाखवला. "मोडलं नाही. पडल्यावर हा सुटलाच पाहिजे, म्हणजे पाय वाचतो. तुम्ही फॉर्मवर एक निवडलात ना? म्हणून तुमचा सैल ठेवलाय. तीनवाल्यांचा घट्ट असतो. ते जोरात वळतात, मध्येच सुटला तर पंचाईत."

मी बर्फात तशीच बसून राहिले. "आणि कुणी तीन निवडला, पण त्याला तेवढं येत नसेल तर?"

"मग हळू पडलं तरी स्की सुटत नाही. पाय अडकतो आणि अंग फिरतं. असेच पाय मोडतात." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कुणी निवडला?"

"मी. माझ्या मुलीसाठी."

त्यांनी वेळ घालवला नाही. माझी दुसरीही स्की काढली आणि म्हणाल्या, "त्या लाकडी ऑफिसात जा. तिथे वरच्या शिक्षकांशी बोलायचा रेडिओ आहे. जा."

ते स्कीचे बूट पायात सिमेंट ओतल्यासारखे असतात. घोटा वाकत नाही. मी त्या बुटांत पळण्याचा प्रयत्न करत होते आणि वर बघत होते. मघा जिथे निळं आकाश होतं तिथे ढग उतरला होता. माणसांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचे खांब चार-पाच दिसत होते, त्यांच्या वरचं काहीच नाही. तीन नंबरचा ग्रुप त्या वरच्या भागात गेला होता. साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिला वर जाऊन दीड तास झाला होता. दीड तासात ती किती वेळा पडली असेल, हेच मी मोजत होते.

नवऱ्याने मला तसं येताना पाहिलं आणि कॉफी टाकून आला. मी त्याला धापा टाकत सांगितलं. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगत होतो. तो म्हणाला, "चल, आधी आत चल."

ऑफिसात एक पिकल्या दाढीचे गृहस्थ रेडिओपाशी बसले होते. मी लेकीचं नाव आणि ग्रुप सांगितला. म्हटलं, कृपा करून तिला थांबवा, तिला आता खाली घसरत आणू नका. त्यांनी बटण दाबून विचारलं. नुसती खरखर. पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर. "डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असले की असं होतं," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या शांतपणाचा मला राग आला.

"बस जरा," नवरा म्हणाला.

"नाही बसत."

"बरं, मग मला धरून उभी राहा."

तिसऱ्यांदा आवाज आला. शिक्षकाचाच होता. गृहस्थांनी नाव सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, ते मला स्वच्छ ऐकू आलं : माझ्याकडे चारच मुलं आहेत, त्यांत ती नाही.

त्यानंतरचा अर्धा मिनिट मला नीट सांगता येणार नाही. नवऱ्याने माझं कोपर इतकं घट्ट धरलं होतं की नंतर तिथे वळ उठला. गृहस्थांनी कागद उलटला, दुसरा काढला, रेडिओचं बटण फिरवलं आणि पुन्हा तिचं नाव घेतलं. एका बाईचा आवाज आला, "हो, आहे की. इथेच आहे, माझ्यासमोर."

"कुठे?" मी जवळजवळ ओरडले.

त्यांनी हातातल्या पेनने मागची खिडकी दाखवली.

ऑफिसच्या मागे नवशिक्या मुलांसाठी एक छोटा उतार होता, आमच्या घरामागच्या पार्कातल्या टेकडीएवढा. पाच-सहा वर्षांची मुलं तिथे बदकांच्या पिल्लांसारखी एकामागून एक उतरत होती. त्यांच्यात डोक्याने उंच अशी एकच मुलगी, माझ्या लेकीचं हेल्मेट घातलेली.

मी कुंपणापाशी पोचले तेव्हा रडत होते. तिने मला पाहिलं आणि स्की तिरप्या करून बरोबर माझ्यासमोर थांबली.

"आई, व्हॉट हॅपन्ड? बाबा पडला?"

"बाबा ठीक आहेत. तू इथे कशी? तू वर..."

"मी सांगितलं ना त्या सरला. मी म्हणाली, आय थिंक माय मम टिक्ड द राँग बॉक्स. मग तो काउंटरवर घेऊन गेला आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हरने लूज केला." तिने बूट हलवून दाखवला. "फाइव्ह मिनिट्स लागला फक्त."

"मग मला का नाही सांगितलंस, अगं?"

ती कुंपणावरचा बर्फ हातमोज्याने खाली पाडत राहिली. "तू इतकी हॅपी होती. तू सॅड झाली असती."

मागून नवरा आला. त्याने आमच्या दोघींचे चेहरे पाहिले आणि कुंपणावरून वाकून तिचं हेल्मेट दोन्ही हातांत धरलं. "हुशार आहेस हं," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी आईला सॅड केलंस तरी चालेल. आज ती मेलीच होती."

"बाबा, शू! लोक बघतायत."

मी डोळे पुसले. आणि तिथेच बर्फात बसले. मला झेपत नाही, हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं. अ तुकडीत एखादी गोष्ट समजली नाही तर मी तोंड मिटून बसायची. बोललं तर परत क मध्ये पाठवतील, ही भीती. लेकीने ते वाक्य अनोळखी माणसाला, अनोळखी डोंगरावर, पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं. आणि आणखी एक गोष्ट तिथे बसल्यावर आठवली, जी मी कित्येक वर्षांत आठवली नव्हती. हेडमास्तरांकडे जायच्या आधी वडिलांनी मला डेपोच्या नळापाशी उभं करून विचारलं होतं, "जायचं का तुला त्या वर्गात? खरं सांग." मी हो म्हणाले, मग ते गेले. मी फॉर्म भरला तेव्हा लेक शेजारच्याच खोलीत होती.

"तुला न विचारता मी तीन निवडला," मी तिला म्हणाले. "चुकलं माझं."

"इट्स ओके." तिने क्षणभर विचार केला. "उद्या टू ट्राय करू? मी विचारेन माझ्या मिसला. ती यस म्हणाली तर."

"तू आणि तुझी मिस ठरवा."

"आई, आता जा ना. तुझा पण क्लास चालू आहे."

तिच्या शिक्षिकेने हाक मारली. लेक खेकड्यासारखी आडवी पावलं टाकत पुन्हा वर चढली, पिल्लांच्या रांगेत शेवटी उभी राहिली आणि तिची पाळी आल्यावर निघाली. निम्म्या उतारावर एका लहानग्याला चुकवायला गेली, तोल गेला आणि ती कुशीवर पडली. खट्ट आवाज इथपर्यंत आला. तिची स्की सुटली आणि दोन हात घसरून थांबली.

मी उठले नाही. नवऱ्याने फोन वर धरला, मग खाली केला. तिने बसल्या बसल्या हात लांब करून स्की ओढून घेतली, बुटाच्या तळाचा बर्फ ठोकून काढला, टाच दाबली आणि पुन्हा उभी राहिली.