‘नको’चं बटण

माझी आत्या केसांचे टोप बनवते. बारीक जाळीवर आकडीने एकेक केस गाठत जायचं. एक टोप पुरा व्हायला महिना सहज जातो. तिच्याकडे येणारी बहुतेक माणसं आजारी, औषधांनी केस गेलेली. म्हणून तिच्या खोलीतल्या आरशावर पडदा असतो. माणूस बसलं की ती विचारते, "आरसा हवा की नको?" नको म्हटलं की नको. पुन्हा विचारायचं नाही, आग्रह तर मुळीच नाही. तिच्या हाताखाली शिकताना मला आकडीच्या आधी हे शिकावं लागलं.

दुकानाची वेबसाइट मात्र तिच्या जावयाची करामत. जावईबापूंना उत्साह दांडगा, विचार नंतर. साइट उघडली की एक पट्टी यायची. तिच्यावर ‘कुकीज मान्य’ असं हिरवंगार बटण, आणि नकार द्यायचा तर चार पानं आत शिरून मुंगीएवढी अक्षरं शोधा! कुकी म्हणजे साइटने तुमच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली खूण. तिच्या आधाराने जाहिरातवाले तुमच्या मागे लागतात. नकार देणंही होकाराइतकंच सोपं हवं, असा नवा कायदा आला होता. "बघू हो आई सावकाश," जावईबापू म्हणाले. "आपल्याकडे कोण येतंय तपासायला!"

मग एका शिक्षिकेचा फोन आला. तिने नुसती आमची साइट पाहिली होती आणि घाईत हिरवं बटण दाबलं होतं. झालं! घरात सगळे मिळून वापरतात त्या कॉम्प्युटरवर टोपांच्याच जाहिराती दिसायला लागल्या. मुलाने विचारलं, "आई, तुला काय झालंय?" तिने आजाराबद्दल घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

"माझं मला सांगायचं होतं हो," एवढंच ती म्हणाली.

आत्या इतकी संतापलेली मी कधीच पाहिली नव्हती. "इथे मी विचारल्याशिवाय पडदा सरकवत नाही, आणि तुमची साइट बाईच्या घरात जाऊन आरसा धरते? आजच्या आज बदला! हवं आणि नको, दोन्ही बटणं शेजारी-शेजारी, सारखीच मोठी."

"आई, सगळे नकोच म्हणतील! जाहिराती बंद, म्हणजे गिऱ्हाईक बंद."

"होऊ दे बंद."

बटणं बदलली. साइटवर रोज किती जण येतात ते दाखवणारा एक आलेख जावईबापू बघत असत. दुसऱ्याच दिवशी त्यातली रेघ दाणकन खाली आली आणि तळाला चिकटून बसली. "संपलं! साइटवर चिटपाखरू फिरकत नाही!" त्यांचं धाबं दणाणलं. माझंही. सगळं घर या दुकानावर चालतं. आत्याचा चेहरा उतरला, जेवणावरची वासना उडाली, पण बटण काही तिने मागे घेतलं नाही. हट्टी आहे, आमच्याच घरातली ना!

आणि शनिवारी दार उघडते तर काय, बाहेर तीन बायका उभ्या! त्यांच्या मागोमाग एक आजोबा. तिकडे फोन वाजायचा थांबेना. मी एकेकाला विचारलं, आमचा पत्ता कुठून मिळाला? साइटवरून, साइटवरून, साइटवरून! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नको म्हणणाऱ्यांची खूणच ठेवली जात नव्हती, तर आलेख त्यांना मोजणार कसा? माणसं येतच होती!

"जावईबापू, तुमचा आलेख आंधळा आहे!" मी ओरडलेच. खरं सांगते, मला नाचावंसं वाटत होतं. जावईबापू शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणायला धावत सुटले.

सगळ्यांत शेवटी डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई आत आली. "घरी कुणाला माहीत नाही अजून," ती हळूच म्हणाली. "साइट निवांत बघता आली, म्हणून धीर झाला. आज संध्याकाळी मुलींना सांगणार आहे. मीच."

आत्याने मोजायची पट्टी हातात घेतली.

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन येऊ?" बाईने विचारलं.

"तुम्हाला हवं असेल तर," आत्या म्हणाली.

"हवं आहे," बाई म्हणाली, आणि तिने स्वतःच रुमाल सोडला.