वाळवंटात न्यायचे लाडू

शारजाला निघण्यापूर्वी मला जेवढे सल्ले मिळाले, तेवढे लग्न ठरल्यावरही मिळाले नव्हते. हैदराबादमध्ये राहायचं म्हणजे हे होणारच. इथे प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी आखातात राहून आलेलं असतं, आणि जो राहून आलाय तो गप्प बसत नाही. जो कधी गेलेलाच नाही, त्याला तर जास्तच माहीत असतं. आमच्या घरात त्या दुसऱ्या प्रकारचा एक माणूस आहे. माझा नवरा.

लेक शारजाला बाळंत झाली. आमचा व्हिसा येण्याआधी बाळ आलं. जावई एकटा दुपटी धूत होता, आणि मी चिक्कडपल्लीत बसून फोनवर नात बघत होते. लेकीचं एकच पालुपद होतं, "आई, काही आणू नको. इथे सगळं मिळतं. तू लाइट घे." लाइट घे म्हणजे मनाला लावून घेऊ नकोस. ही हैदराबादी बोली तिने शाळेत उचलली आणि मराठीत आणून ठेवली, आता ती निघत नाही. पण फोन ठेवता ठेवता ती एकदा हळूच म्हणाली, "डिंकाचे लाडू तेवढे आण. तुझ्या हातचे."

तेवढे आण. मला एवढंच ऐकायचं होतं. आमच्याकडे बाळंतिणीला पहिला लाडू तिच्या आईने स्वतःच्या हाताने भरवायचा असतो. माझ्या आईने मला भरवला, तिला तिच्या आईने. शास्त्र काय आहे मला ठाऊक नाही. पण इतक्या जणींनी केलेली गोष्ट माझ्यापाशी येऊन थांबली असती तर मला झोप लागली नसती.

नवऱ्याने तोवर प्रवासाचा ताबा घेतला होता. सकाळचा चहा झाला की तो मोबाइलवर व्हिडिओ लावायचा. कुठला तरी उत्साही मुलगा वाळूत उभा राहून 'वाळवंटी देशात जाताना काय करावं' ते सांगायचा, आणि मग तेच मला दिवसभर हप्त्याहप्त्याने ऐकायला मिळायचं. दुपारचं बाहेर पडायचं नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहायचं. कपडे सुती, सैल, खांदे आणि गुडघे झाकणारे. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय न्यायचं नाही. अनोळखी माणसाचा फोटो काढायचा नाही, अनोळखी माणसाची पिशवी धरायची नाही. जानेवारीत नामपल्लीच्या प्रदर्शनातून त्याने गळ्याखाली दोरी बांधायची एक मोठी टोपी घेतली होती. ती सवय व्हावी म्हणून तो घरात घालून फिरायला लागला. दूधवाल्याने दोनदा आधी टोपीकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, आपण शारजाला चाललोय. उंटावरून नाही," मी म्हटलं.

"ऊन ऊनच असतं," तो टोपीच्या आतून म्हणाला.

मी मे महिन्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली स्वयंपाक करते. मला उन्हाचं कोण काय शिकवणार? म्हणून तो काहीही सांगायला लागला की मी "हो, कळलं" म्हणायचे आणि आपलं काम करत राहायचे. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर हे दोन शब्द तोंडातून आपोआप येतात, कानाची गरज लागत नाही.

तळमजल्यावर खाला राहतात, खाला म्हणजे मावशी, सगळ्या बिल्डिंगच्याच. मूळच्या मलकपेठच्या, आणि त्यांच्या नवऱ्याची सगळी नोकरी आखातात झालेली. त्या स्वतःही तिथे बरीच वर्षं राहून आल्या. म्हणजे खऱ्या अर्थाने विचारायचं तर त्यांनाच. पण त्या सल्ला कधी बसून देत नाहीत, जिन्यात भेटल्या की एकेक देतात.

"भाभी, स्वेटर रखे क्या?"

"शारजाला? स्वेटर?"

"बाहर तंदूर है, अंदर फ्रिज. मेरी सुनो, रख लो."

मी हसून वर आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, व्हिडिओत असं काही नव्हतं. झालं, स्वेटर रद्द.

बॅगा भरणं हा निराळाच छळ. आमच्याकडे वजनाचा एकच काटा, तोही माणसं उभी राहायचा. मग नवरा बॅग उचलून काट्यावर उभा राहायचा, मी वाकून आकडा वाचायचे, आणि त्यातून त्याचं वजन वजा करायचं. पण तो स्वतःचं वजन सांगेल तेच धरायचं, आणि ते त्याने कुठल्या वर्षीचं धरलं होतं देव जाणे. बॅग रोज जड भरायची. "खारीक काढ," तो म्हणायचा. "खजुराच्या देशात खारीक कशाला?" मी खारीक काढायचे, रात्रीतून परत आत घालायचे.

लाडू मी निघण्याच्या आदल्या दिवशी करायचे ठरवले होते, ताजे जावेत म्हणून. सामान बेगम बाजारातून आणलं होतं. भर मे महिन्यात सकाळी कढई चढवली. डिंक तुपात थोडा थोडा टाकायचा, तो लाह्यांसारखा फुलतो. घाई केली तर आत कच्चा राहतो आणि दातात चिकटतो. मग सुकं खोबरं किसून भाजायचं, खारकेची पूड परतायची, बदाम, गोडंबी, जायफळ. आणि खसखस. खसखशीवर माझा जीव आहे. कोरडी भाजली की ती तडतडायला लागते आणि घरभर जो वास सुटतो तो बदामाला येत नाही. आत तर मी ती घालतेच, वर वळलेले लाडू तिच्यात घोळवतेही. आमच्या आईचा लाडू असाच दिसायचा, बारीक पांढरी नक्षी काढल्यासारखा.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून काहीतरी सांगत होता. पंखा चालू, खिडकीतला धूर ओढणारा पंखा चालू, कढईत तडतड चाललेली. मी म्हटलं, "हो, कळलं."

दुपारी लाडू डब्यात बसले. मी घामाने निथळत होते, पण इतकी खूश होते की एक वाटी घेऊन खाली खालांकडे गेले. त्यांनी लाडू अर्धा खाल्ला. डोळे मिटले. "वाह भाभी." मग डोळे उघडले आणि उरलेला अर्धा लाडू बोटांत फिरवून बघायला लागल्या.

"इसमें खसखस डाले क्या?"

"भरपूर," मी म्हटलं. "बाहेरूनही."

त्यांनी लाडू वाटीत परत ठेवला. "ये लड्डुआं लेके जारे आप?"

"हौ."

"नक्को भाभी. बिल्कुल नक्को." आणि मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. तिथे खसखस चालत नाही. अफूच्या बोंडातली म्हणून तिथे ती अफूच्याच रांगेत धरतात. विमानतळावर सापडली तर विचारपूस, तुरुंग, काहीही होऊ शकतं. "मैं समझी आपकू मालूम होगा. ये तो सबकू मालूम रहता."

सबकू. सगळ्यांना माहीत होतं. मी वाटी तिथेच सोडून जिना चढले. नवरा टोपी घालून बॅगेला कुलूप लावत होता.

"अहो, खसखस तिथे नेता येत नाही म्हणे."

"नाहीच येत," तो म्हणाला. "सकाळी तेच तर सांगत होतो. खसखस, खोकल्याचं औषध, अमुक तमुक. तू म्हणालीस, हो, कळलं."

"मग मी काय भाजत होते?"

"मला काय माहीत? काहीतरी पांढरं."

"लाडवात खसखस असते."

तो कुलूप सोडून उठला. "लाडवात खसखस असते?"

तीस वर्षं. दर थंडीत हा माणूस रोज एक लाडू खातो. कधी दोन. एकदा माझ्या भावाच्या घरचा लाडू खाऊन "ह्यात काहीतरी कमी आहे" असंही म्हणाला होता. कमी काय आहे ते त्याने तेव्हाही विचारलं नाही. मला रडू यावं की त्याच्या डोक्यावरची टोपी ओढून त्याला मारावं, ते ठरेना. आणि मी तरी काय, दोन फुटांवर उभं राहून तो नेमकं तेच सांगत होता, आणि मी त्याला हुंकार देत मन लावून तेच भाजत होते.

"चाळून काढता येणार नाही का?" त्याने विचारलं.

ही सूचना त्याने अगदी मनापासून केली होती. आणि मी इतकी कावले होते की करूनही बघितली. एक लाडू फोडला, पिठाच्या चाळणीत घेतला, हलवला. तूप आणि गूळ लागलेली खसखस कुठे जाते? चाळणीची भोकं तेवढी बुजली. आम्ही दोघं ओट्यापाशी उभं राहून त्या चाळणीकडे बघत होतो. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

नवे करायला सामान नव्हतं, डिंक सगळा संपला होता, आणि विमान पहाटेचं. लेकीला फोन केला. "एकही नाही?" तिने विचारलं. मग म्हणाली, "आई, लाइट घे." पण ते "एकही नाही" मला ऐकू आलं होतं.

संध्याकाळी लाडवांचा डबा खालांकडे नेऊन दिला. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि डबा न उघडता आत ठेवला. "गोंद वहाँ मिलता भाभी, शारजाकी हर किरानेकी दुकान में. वहीं बनाओ, आपके हाथ तो साथ जारे ना." आणि कपाटातून स्वतःचा एक राखाडी स्वेटर काढून दिला. या वेळी मी हसले नाही.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. बॅग रिकामी करून झटकली. पर्स धुतली. नखं टाचणीने साफ केली. सकाळी नेसलेलीच साडी प्रवासात नेसणार होते, ती धुण्यात टाकली, कारण पदर कढईवर आला असणार. नवरा म्हणाला, "केसही विंचरून बघ." मी खरंच विंचरले. खारीक या गोंधळात घरीच राहिली, आणि त्याचं त्याला फार बरं वाटलं.

शारजाच्या विमानतळावर बॅगा यंत्रातून गेल्या, कोणी काही विचारलं नाही. मी उगाच त्या गणवेशातल्या बाईकडे बघून हसले, ती हसली नाही. आत इतकं गार होतं की मी खालांचा स्वेटर गळ्यापर्यंत ओढला. नवरा टोपी आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून शेजारी कुडकुडत होता. "व्हिडिओत असं काही नव्हतं," असं या वेळी मी म्हणून घेतलं. बाहेर दार उघडलं तेव्हा तोंडावर भट्टीचं झाकण काढल्यासारखं झालं, आणि गाडीत बसलो तर पुन्हा फ्रिज. पुढे रोज हेच.

नात मांडीवर घेतली तेव्हा थोडा वेळ मी लाडू विसरले. थोडाच वेळ. दुसऱ्या दिवशी जावयाबरोबर दुकानात गेले, डिंक खरंच मिळाला. खारीक मात्र नाही मिळाली, मऊ खजूर होता, डोंगर रचल्यासारखा. नवरा म्हणाला, "बघ." मी खजूर घेतला.

खजुराचे लाडू वळत नाहीत. ते हाताला चिकटतात, ताटाला चिकटतात, आणि ताटात ठेवले की हळूहळू बसतात. मी त्यातल्या त्यात बरा एक उचलला, लेकीच्या खोलीत गेले आणि तिला भरवला. तिने चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने परत चावला.

"छान आहे," ती म्हणाली.

"खरं सांग."

"कुरकुरत नाही ना, आई."

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "ह्यात काहीतरी कमी आहे."

लेक हसायला लागली, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसायला लागली, आणि हसता हसता दुसरा लाडू स्वतः उचलून खाल्ला. मीही हसले असते, पण मला अजून राग होता. कोणाचा ते तेव्हाही ठरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी खालांचा व्हिडिओ कॉल आला, बाळ बघायला. बाळ बघून झालं, नजर लागू नये म्हणून त्यांनी बोटं मोडली, दुवा दिली. मग चहाचा कप पुढे आला आणि शेजारी बशीत माझा लाडू. पांढऱ्या नक्षीचा, गोल, कुठेही न बसलेला. त्यांनी फोनसमोरच तो चावला. दातांखाली खसखस वाजलेली आम्हाला शारजात ऐकू आली.

"बहुत अच्छे बने भाभी," त्या तोंड भरून म्हणाल्या.

लेकीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "खाला, खतम नक्को करो," ती म्हणाली. "एक डब्बा फ्रीजर में डालो. मैं आती." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, पहिला लाडू मी घरी आले की भरव. हा आजचा धरू नको."