जावळाची केस

न्हाव्याच्या दुकानात एखादं मूल भोकाड पसरताना दिसलं, की भांडुपची ती केस अजून जशीच्या तशी आठवते. आता हसू येतं. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात एका चाळीतून पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, आमच्या शेजारणीकडे दोन महिने कुणाची तरी पोरगी आहे. बाई एकटी, लग्न नाही, काही नाही. पोरीचे केस डोळ्यांवर आलेत, तरी कापत नाही. चेहरा ओळखू येऊ नये म्हणूनच ना!" मुलं पळवण्याच्या अफवांना तेव्हा ऊत आला होता. केसांचा मुद्दा मलाही पटला. स्टेशन डायरीत नोंद केली आणि महिला हवालदाराला घेऊन निघालो.

बाई पन्नाशीची, मरोळला पॅकिंगच्या कारखान्यात कामाला, बोलणं मालवणी. कडेवर अडीचेक वर्षांची मुलगी. मला बघताच पोरीने पदरात तोंड खुपसलं. दोघींना ठाण्यात आणलं.

"मुलगी कुणाची?"

"माझी नाय."

इतकी सरळ कबुली मी उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. "मग आई कुठे आहे?"

"सांगूचा नाय, असा वचन दिलंय."

मी आवाज चढवला. पोरगी रडायला लागली, तशी बाईने मलाच दटावलं. "हळू बोला, पोर भियाता!"

मी आवाज खाली आणला आणि हुकमाचं पान टाकलं. "लपवायचं नव्हतं, तर हिचे केस का नाही कापले?"

तिने पोरीच्या डोळ्यांवरचे केस मागे सारले. "साहेब, जावळ ता! तिची आवस इल्याशिवाय मी कोण कातर लावणारी?"

आवस म्हणजे आई, एवढं मालवणी मला येत होतं. पळवून आणलेल्या पोरीचं जावळ तिच्या आईसाठी कुणी राखून ठेवत नाही. मी तिला चहा मागवला.

आईला विचारूनच पुढचं ठरवू, म्हटल्यावर तिने सगळं सांगितलं. आई तिच्याच कारखान्यातली. नवरा अचानक गेला आणि तिचं मन ढासळलं. सासर-माहेर कुणी उरलं नव्हतं. आपल्या पायांनी उपचारांना दाखल होताना ती मैत्रिणीला म्हणाली होती, "सांभाळ हिला. कुणाला सांगू नकोस, वेडी ठरवून काढून घेतील."

त्याच दुपारी इस्पितळात तिचा जबाब घेतला. पहिला प्रश्न तिनेच विचारला. "पोरगी मला परत मिळेल ना, साहेब?"

ते माझ्या हातात नव्हतं. मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करणं भागच होतं. अहवाल मात्र मी लिहिणार होतो, आणि त्यात जावळाची गोष्ट सविस्तर लिहिली. आई बरी होईपर्यंत मुलगी या मानलेल्या मावशीकडेच राहील, असा आदेश निघाला.

चार महिन्यांनी तिघी ठाण्यात आल्या. आई बरी दिसत होती. "रविवारी जावळ आहे, साहेब. मामाच्या मांडीवर काढतात. मला भाऊ नाही..." तिने मावशीकडे पाहिलं.

मावशीच म्हणाली, "आमका दरडावलात ना? आता मामाची मांडी तुमीच देवा!"

डोळ्यांना दिसतं ते पुरावा म्हणून नोंदवण्याआधी एकदा साधेपणाने विचारावं, हे मी त्या बाईकडून शिकलो. आणि दुसऱ्याचं मूल जीव लावून वाढवताना त्याच्या आईची जागा कशी मोकळी ठेवायची, हेही.

रविवारी साध्या कपड्यांत पाटावर बसलो. कातर लागताच पोरीने भोकाड पसरलं. पहिल्या दिवशी ती मला बघून रडली होती. त्या दिवशी माझा शर्ट घट्ट धरून रडली.