होडीचे नाव आधी बदलले

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने देवबागात आपल्या होडीचे नाव बदलले. जुन्या नावावर पांढरा हात मारला, तो सुकल्यावर निळ्या रंगात नवे नाव काढले आणि घरी जाऊन जेवला. घरात कोणाला काही सांगितले नाही.

आमच्याकडे होडीला देवाचे नाव देतात, नाहीतर पोराचे. ही होडी भावाने एकुलते मूल झाले त्या वर्षी घेतली आणि त्याचेच नाव तिला दिले. नाव मुलीचे होते, कारण जन्मदाखल्यावर मुलगी असे लिहिले होते. दहावी झाल्यावर त्या मुलाने घरात सांगितले की आपण मुलगा आहोत. कोणत्या नावाने हाक मारायची तेही सांगितले. माझी भावजय मालवणच्या बाजारात मासे विकते. ती आधी रडली, मग भांडली, मग ‘गो’ सोडून ‘रे’ म्हणू लागली. भाऊ वर्षभर या विषयावर बोलला नाही. त्याने रंग आणला तेव्हा त्याचे मत कळले.

दोन्ही नावे येथे देत नाही. एक पुतण्याने सोडले आहे आणि दुसरे त्या वेळी सरकारने धरलेले नव्हते.

होडीचे नाव बदलले की देवाच्या कानावर घालावे लागते, नाहीतर खलाशी चढत नाहीत. वाडीच्या वतीने देवाशी बोलायचा मान एका म्हाताऱ्या गावकराकडे आहे. पौर्णिमेच्या सकाळी नारळ हातात घेऊन त्याने भावाला विचारले, “नाव कित्याक बदाललंस? देव इचारतलो.”

“चेडवाचा नाव होता. आता तो झील आसा,” भाऊ म्हणाला.

गावकराने नारळाकडे पाहिले. “मगे दोघांचाय सांगतंय. येकाच नारळात होतला.”

किनाऱ्यावर सगळी वाडी होती. गावकराने गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढचे मागणे, सुरू केले. होडीचे नाव बदलले आहे, म्हणाला. सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. होडीच्या मालकाच्या पोराचेही बदलले आहे, म्हणाला. मग भावजयीने बाजारातल्या आवाजात एकटीने “व्हय म्हाराजा!” म्हटले आणि मागून बाकीचे म्हणाले.

गावकर पुढे म्हणाला, “हेच्या फुडे जुन्या नावान कोणी हाक मारल्यान, तर त्येच्या जाळ्यात कुर्ली सुदिक गावा नये!”

यावरचे “व्हय म्हाराजा” हळू आले.

पुतण्या खाली मान घालून उभा होता. नंतर मला म्हणाला, “बरा झाला, आते. माका आता घराघरान सांगत फिरूक नको.”

राहिले कॉलेज. पुतण्या बारावीत होता. दहावीच्या गणिताच्या पेपराला पर्यवेक्षकाने प्रवेशपत्रावरचे मुलीचे नाव पाहिले, आखूड केसांचा मुलगा पाहिला आणि त्याला तोतया म्हणून दाराशी उभे केले. खात्री पटेपर्यंत बाकीच्यांचा पहिला प्रश्न सोडवून झाला होता. बारावीला असे होऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यासाठी परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजच्या रजिस्टरात नाव बदलायला हवे होते. मी वर्तमानपत्राच्या नोकरीतून निवृत्त आहे. अर्ज लिहिता येतो म्हणून मला बरोबर नेले.

कॉलेजच्या लिपिकाने राजपत्र मागितले. मुलगा अठराचा नाही म्हणून आईवडील दोघांच्या सह्या मागितल्या, वयाचा दाखला मागितला आणि डॉक्टरचा कागद असल्यास बरे, असे सांगितले. कोणत्या डॉक्टरचा, हे त्याला माहीत नव्हते.

राजपत्राचा अर्ज कट्टा गावच्या बाजारात, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात भरला. संगणकावरची मुलगी ‘नाव बदलण्याचे कारण’ या रकान्यापाशी थांबली.

“लग्न घालूया? लग्नाचा बेगीन होता.”

“लगीन?” भावजय म्हणाली. “आणि न्हवरो खंयसून हाडू? तुझो भाव देतंस?”

“भावाचा झाला, मावशे.”

“माका इचारा तरी!” पुतण्या म्हणाला.

कारण ‘इतर’ असे घातले. काही दिवसांनी अर्ज परत आला. नवे नाव वापरात असल्याचा पुरावा जोडा, असा शेरा होता. पुतण्याचा प्रत्येक कागद जुन्या नावाचा होता. ते बदलायला राजपत्र लागत होते.

त्याच आठवड्यात गस्तीच्या बोटीने भावाची होडी अडवली. परवान्यावर एक नाव, होडीवर दुसरे. भावाने खलाशाच्या फोनवरून मला कळवले, “कागदार चेडू आसा, फळयेर झील. आता हेंका काय सांगू?”

दुसऱ्या दिवशी आम्ही मत्स्य कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने आधी अर्ज करायला हवा होता, असे सांगून पुढ्यात कोरा अर्ज ठेवला.

“नाव बदलण्याचे कारण?”

“घरातली गोष्ट आसा.”

“मालकाची इच्छा, असे लिहितो.” त्याने लिहिले.

भाऊ खुर्चीत पुढे सरकला. कार्यालयात तो जपून बोलतो. “साहेब, वयाचा दाखला नको?”

“कोणाच्या वयाचा?”

“होडीच्या. आणि आई-बापाच्या सह्या?”

“तुम्ही मालक आहात ना?”

“डॉक्टरचा कागद?”

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी हकिकत सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकली. “होडीला लागत नाही,” तो म्हणाला.

होडीचे नवे प्रमाणपत्र परीक्षेच्या अर्जाची मुदत जवळ आली तेव्हा मिळाले. भावजय ते पिशवीत घालून आम्हाला घेऊन कट्ट्याला गेली.

“ह्या होडयेचा आसा, मावशे,” संगणकावरची मुलगी म्हणाली.

“होडी कोणाच्या नावान आसा?”

“तुमच्या झिलाच्या.”

“मगे नाव वापरात आसा का नाय? सगळी खाडी वापरता. जोड.”

मुलीने जोडले. सोबत आईवडिलांचे प्रतिज्ञापत्र आणि वाडीतल्या शेजाऱ्यांच्या सह्यांचे निवेदनही जोडले. सह्या गोळा करायला भावजय स्वतः फिरली. गाऱ्हाण्यानंतर ज्यांच्या जाळ्यात कमी मासळी आली होती, त्यांनी आधी केल्या.

राजपत्रात नाव प्रसिद्ध झाले. कोणत्या कागदावर काम झाले, हे कळू शकले नाही. कॉलेजने परीक्षेच्या अर्जांच्या शेवटच्या दिवशी रजिस्टर बदलले. मुलगा की मुलगी या रकान्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला आहे, उत्तर आलेले नाही.

फेब्रुवारीत प्रवेशपत्र आले. त्यावर नवे नाव आहे आणि खाली ‘स्त्री’ असे छापले आहे.

पहिला पेपर इंग्रजीचा होता. पर्यवेक्षकाने प्रवेशपत्र पाहिले, चेहरा पाहिला, पुन्हा प्रवेशपत्र पाहिले आणि सही केली. पुतण्याने पहिला प्रश्न सोडवला.