बकरी कुंपणाच्या आत की बाहेर?

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला जामखेडहून नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात आणून सोडलं त्याला जेमतेम महिना झाला होता...

रविवारी प्रार्थना झाली की आमच्या मेट्रन रूथबाई कपाटातून एक गंमत काढायच्या. दांडीची लाकडी दुर्बीण, तिच्यासमोर एक कार्ड आणि कार्डावर एकाच देखाव्याचे शेजारीशेजारी दोन फोटो. भिंगांतून बघितलं की दोन्हींचा मिळून एकच खराखुरा देखावा उभा राहायचा म्हणे... मला मात्र दोनच दिसायचे, चपटे.

पण नाही कसं म्हणणार? आधीच माझ्या जामखेडकडच्या हेलाला सगळ्या हसायच्या. मीही "आई गं, किती छान!" म्हणून मोकळी झाले.

तेवढ्यात बोर्डिंगातल्याच ताराने विचारलं, "सांग बरं, बकरी कुंपनाच्या आत हाय का भाईर?"

"आत," मी ठोकून दिलं... तिने जे "लबाड!" म्हणून सुरू केलं, ते आठवडाभर जेवताना माझ्या शेजारी कोणी बसेना. इतकं एकटं मला पुढे नवरा गेल्यावरही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी बाईंनी मला एकटीला बोलावलं. "कार्डावर डोळं रोखू नगंस. पार पल्याड बघ. रोज सांजच्याला फाटकातून बघतीस ना, आबा गेले त्या रस्त्याकडं... तसं."

मी तसं बघितलं. दोन्ही फोटो हळूहळू एकमेकांत सरकले आणि कुंपण एकदम पुढे आलं. बकरी पलीकडे, मोकळ्या माळावर होती... कुंपणाच्या आत मी होते.

मला रडूच फुटलं. त्याबरोबर एका बकरीच्या पुन्हा दोन झाल्या! बाई म्हणाल्या, "पूस डोळं. परत लाव." आणि माझं मन भरेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

खूप वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं... कार्ड वीतभर अंतरावर असलं, तरी त्या भिंगांमागे डोळे लांबचं बघताना असतात तसे सैल सोडावे लागतात. मला ते आधीच ठाऊक होतं.

आता नव्वदी उलटली. मुलं दूर, संध्याकाळी मी गॅलरीतून रस्त्याकडे बघत बसते... तेव्हा बोर्डिंगात वाटायचं, फाटकाशी उभी असलेली मी कोणाला दिसतच नाही.

रूथबाईंना मी रोज दिसत होते. तेवढ्यावर मी तिथली सहा वर्षं काढली.