जातो म्हणू नये

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं याचा त्रास कोणाला झाला असेल तर तो माझ्या आईला. बाकी शहर खूश होतं. शाळा-दवाखान्यांच्या इमारतींवर एकाएकी मोठ्या कार्यालयांच्या पाट्या लागल्या, लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या, आणि माझे बाबा, जे तोवर एका कचेरीतले साधे बाबू होते, ते नातेवाइकांत एकदम ‘राजधानीतले’ झाले. कुठलं ऑफिस उठून कुठे गेलं हे त्यांना तोंडपाठ असे. मग काय, भंडारा, गोंदिया, दुर्ग, भिलाई, जिथे म्हणून आमची लांबची मावशी किंवा मावशीचा दीर राहत होता, तिथून माणसं यायला लागली. कोणाची बदली, कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाचा अडकलेला कागद. काम शंकर नगरात असो की आणखी कुठे, उतरायचं ते बूढापाऱ्यातल्या आमच्या घरी.

घर अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना टेकलेलं. आई पहाटे उठली की पाहुण्यांच्या अंथरुणांतून वाट काढत स्वयंपाकघरात जायची. दिवसभर घरात एकच हाक असायची, तिला. वहिनी, चहा. काकू, टॉवेल. अगं, माझा चष्मा. न्हाणीघरात गेली तरी बाहेरून कोणीतरी विचारायचंच, की साखर कुठल्या डब्यात आहे. पाहुणे निघताना ‘येतो’ म्हणायचे आणि मेले खरंच यायचे.

या ‘येतो’बद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, लवकर वैधव्य आल्यामुळे आमच्याकडेच राहायची. ती घरातली शब्दांची फौजदार होती. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. डब्यातले तांदूळ संपले म्हणायचं नाही, पुष्कळ झाले म्हणायचं. आणि घराबाहेर पडताना, मग ते कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला का असेना, ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. आमच्याकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात, ‘येते’ नाही. हे नागपूरकडून आलेलं बोलणं. कोणी चुकून ‘जातो’ म्हटलं तर आत्या त्याला उंबऱ्यावरून परत आणून, पाटावर बसवून, पाणी पाजून पुन्हा पाठवायची. मी बहुतेक हिंदीतच बोलत असे आणि ‘मैं जा रही हूँ’ म्हणून बिनधास्त निघून जाई. ते तिला चालायचं. यमाला मराठीच समजतं अशी तिची खात्री असावी.

तर अशा घरात एकदा बाबांना सरकारी खर्चाने प्रवास करायची सवलत मिळाली. कुठे जायचं यावर जेवताना चर्चा झाली. आत्याला तिरुपती हवं होतं, मला समुद्र. बाबांनी उगाच शिष्टाचार म्हणून आईला विचारलं, “तू सांग, तुले कुठं जायचं आहे?”

आई पोळी लाटता लाटता म्हणाली, “वाळवंटात.”

“वाळवंटात? तिथं काय आहे?”

“काही नाही.”

“मंग काहून जायचं?”

“काही नाही म्हणूनच.”

नंतर तिनं मला सांगितलं की तिच्या शाळेच्या भूगोलात वाळवंटाचं एक चित्र होतं. वाळूची एक टेकडी, वर आभाळ, आणि अख्ख्या चित्रात एकही माणूस नव्हता. तिला त्या टेकडीवर एकदा एकटीनं उभं राहायचं होतं. जन्मभर ती एकटी अशी कुठे राहिलीच नव्हती. माहेरी भावंडं, सासरी आम्ही, आणि आता वरून राजधानी. मला तेव्हा पंधरावं लागलं असेल. ही कसली इच्छा, असं मला वाटलं होतं.

डिसेंबरच्या सुट्टीत निघालो. बाबांनी सामानाची सूत्रं हाती घेतली. “वाळवंट म्हणजे वाळवंट,” ते म्हणाले, “गरमीच राहणार.” रायपूरच्या माणसाला उन्हाचं कोणी शिकवायची गरज नसते. आम्ही सुती कपडे, गॉगल, ओले करून डोक्याला गुंडाळायचे पंचे, आणि कैरीच्या पन्ह्याची बाटली घेतली. आत्यानं लू लागू नये म्हणून पिशवीभर कांदे घेतले. ऊन बाधू नये म्हणून प्रत्येकानं एक कांदा जवळ बाळगायचा हा आमच्याकडचा नेम. स्वेटर कोणीच घेतला नाही.

दोनदा गाडी बदलून, बेसनाची ठेठरी आणि चिवडा संपवत, आम्ही जैसलमेरला उतरलो तेव्हा दात वाजत होते. स्टेशनवरचा हमालसुद्धा कानटोपी घालून होता. आत्यानं तरीही सगळ्यांच्या खिशात कांदे कोंबले. “असू द्या,” ती म्हणाली, “थंडीलेही चालत असन.” बाबांनी बाजारात उंटाच्या लोकरीच्या शाली घेतल्या. त्या इतक्या टोचत होत्या की थंडी बरी. वाळवंटातला पहिला प्रवास आम्ही असा केला: वरून उंटाची शाल, आतून सुती सदरा, खिशात कांदा.

गावापासून तासाभराच्या अंतरावर तंबूंचा मुक्काम होता. दोन रात्री राहायचं. समोर वाळूच्या टेकड्या पसरलेल्या, उन्हात पिवळ्याधमक. आई जीपमधून उतरली आणि नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. लग्नाच्या अल्बममध्येही नाही.

आणि तेवढ्यात शेजारच्या तंबूतून आवाज आला, “आप लोग रायपुर से हैं क्या?”

भिलाईचे निघाले. नवरा-बायको, दोघंही गोल गरगरीत, हसरे, वाईट म्हणण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. पण त्या गृहस्थांच्या बदलीचा कागद रायपूरच्या कुठल्याशा ऑफिसात अडकला होता, आणि बाबा कुठे काम करतात हे कळल्यावर त्यांनी आपली खुर्ची उचलून आमच्या तंबूसमोरच आणून ठेवली. बायको आईजवळ सरकून बसली. “दीदी, आप पोहे में मूंगफली पहले डालती हैं कि बाद में?” वाळवंट समोर, आणि आई शेंगदाण्याबद्दल बोलत होती. चहा आला, तोही शेवटी आईनेच गाळून सगळ्यांना दिला. म्हणजे बूढापारा रुळांवरून आमच्यामागे आला होता.

सूर्य खाली यायला लागला तशी आईची चुळबुळ सुरू झाली. ती टेकडीकडे बघायची, कप उचलायची, पुन्हा बघायची. शेवटी तिनं पदर खोचला, चपला काढून हातात घेतल्या, आणि कोणाकडेही न पाहता म्हणाली, “जातो मी.”

आणि निघालीच.

आत्याच्या हातातून बशी सुटली. वाळूत पडली म्हणून वाचली. “अवो, काय म्हणाली ते? जातो म्हणाली! ऐकलं का तुम्ही?” बाबांना आधी कळेना. “टेकडीवर जाऊन राहिली ना, दुसरं काय.” पण आत्यानं छाती धरली. परमुलखात, तिन्हीसांजेला, धडधाकट बाई ‘जातो’ म्हणून निघते म्हणजे काय? “धाव रे! परत आण तिले! पाणी पाज!” बाबा धावले. त्यांच्यामागे मी. माझ्यामागे एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात कांद्यांची पिशवी घेऊन आत्या. काय झालंय हे अजिबात न समजता, पण शेजारधर्म म्हणून, भिलाईचं जोडपं. आणि आमची वरात पाहून सर्वांत शेवटी उंटवाला, उंटासकट.

वाळूत धावून पाहिलंय कधी? दोन पावलं वर, एक खाली. बाबा तर हातांनी चढत होते. आई टेकडीच्या माथ्यावर पोचली, वळली, आणि तिनं पाहिलं की अख्खा रायपूर जिल्हा धापा टाकत वर येतोय.

तिथेच आत्यानं तिला खाली बसवलं, पाणी पाजलं आणि “म्हण, येतो,” असं वदवून घेतलं. भिलाईच्या बाई म्हणाल्या, “कितना अच्छा लग रहा है ना, सब साथ में!” मग सूर्य बुडाला. आम्ही सगळ्यांनी मिळून तो पाहिला, उंटानेही. मला फार हसू येत होतं, पण आईकडे पाहिलं आणि ते थांबलं. तिचे डोळे भरले होते. थंडीने असतील, असं बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंटवाला आम्हाला पायी फिरायला घेऊन निघाला. वाळूत उमटलेल्या किड्यांच्या नक्षीवरून, बाभळीच्या खुरट्या झाडांजवळून. बाबा पुढे त्याला राजधानीतल्या घडामोडी सांगत होते. तो बिचारा तिकडच्या रीतीनं ‘हुकुम, हुकुम’ करत होता. आत्याला वाळूत चालणं जमेना म्हणून आईनं तिचा हात धरला होता. मी त्यांच्या मागे.

बऱ्याच वेळानं आत्यानं विचारलं, “काल तसं काहून बोलली तू? तुले का माहीत नाही?”

“माहीत आहे.”

“मंग?”

आई थोडं चालली. मग म्हणाली, “वन्सं, येतो म्हटलं की तुम्ही सगळे वाट पाहता. कधी येते, कधी येते. म्हणून मी निघाल्यापासूनच येत राहतो. मले एकदा नुसतं जायचं होतं.”

कोणत्याही गोष्टीवर आत्याकडे एक म्हण तयार असायची, पण त्या दिवशी परत तंबूपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं रागावली. दुपारभर ती तंबूच्या दारात पाय पसरून बसली होती आणि आईकडे बघत होती. आई भिलाईच्या बाईंना लसणाची चटणी सांगत होती, बाबांच्या सदऱ्याचं बटण लावत होती, माझ्या केसांतली वाळू काढत होती. त्या दुपारी आईला कितीदा हाक मारली गेली हे आत्यानं पहिल्यांदाच ऐकलं असणार. त्यात तिच्या स्वतःच्याही हाका होत्या.

संध्याकाळ झाली. खुर्च्या आल्या, कागदाचा विषय निघाला. आई चहा गाळायला बसली. आज ती टेकडीकडे बघतही नव्हती. तिनं तो नाद सोडून दिला होता, हे मला तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

आत्या उठली. तिनं आईच्या हातातून गाळणं काढून घेतलं. “आज जात नाही का?”

आई दचकली. मग सवयीनं म्हणाली, “हव. येतो मग.”

“येतो नाही,” आत्या म्हणाली. हे वाक्य बोलायला तिला केवढी हिंमत करावी लागली असेल, हे मला आज कळतं. “येतो म्हणू नको.” आणि तिनं आईच्या पाठीवर हात ठेवून तिला हलकेच पुढे लोटलं. “जा माय. जा.”

आई गेली.

आत्यानं खुर्ची उचलली आणि टेकडीच्या पायथ्याशी नेऊन ठाण मांडलं. मांडीवर कांद्यांची पिशवी. भिलाईच्या बाई लगबगीनं आल्या. “दीदी ऊपर गई हैं? चलो, हम भी...”

“नहीं,” आत्या म्हणाली.

“क्यों?”

आत्याचं हिंदी एवढ्या मोठ्या कारणाला पुरणारं नव्हतं. तिनं पिशवीतून एक कांदा काढून बाईंच्या हातात दिला. “ये रखो. जेब में रखो. और बैठो.” बाई कांदा घेऊन बसल्या. त्यांचा नवराही बसला. बाबा दोनदा उठले. “लय वेळ झाला. आवाज देऊ का?”

“देऊन तर पाह्य,” आत्या म्हणाली.

वर, आभाळाच्या कडेवर, आई उभी होती. एवढीशी. वारा पदर उडवत होता आणि ती तो सावरत नव्हती. मग ती खाली बसली, मग चक्क आडवी झाली. सूर्य गेला, लाली गेली, तरी कोणी हाक मारली नाही. मला इतका आनंद झाला होता की मी ती टोचरी शाल चावत बसले होते.

पुरता अंधार पडायच्या आत ती आपणहून उतरली. चपला हातात, केसांत, पदरात, कानांत वाळू. बाबांनी विचारलं, “काय पाहिलं एवढं?”

“काही नाही,” आई म्हणाली आणि अशी हसली की बाबांनी पुढे विचारलंच नाही. मग तिनं आत्याचा हात धरून तिला खुर्चीतून उठवलं. बसून बसून आत्याचे पाय आखडले होते.

रायपूरला परतलो. पाहुणे काही थांबले नाहीत. भिलाईचं जोडपं तर पुढच्याच महिन्यात कागदासाठी आलं आणि मुक्कामाला राहिलं. पण एक फरक पडला. दिवेलागण झाली की आई चपला घालायची आणि बूढा तालाबाच्या काठावर फिरायला निघायची, एकटीच. उंबऱ्याशी थांबून ती म्हणायची, “जातो वन्सं.” आणि माळ ओढता ओढता आत्या म्हणायची, “जा.”

एकदा गोंदियाच्या मावशी तिथं बसल्या होत्या. त्या हादरल्या. “अवो, जा काय म्हणता भरल्या घरातल्या बाईले? ये म्हणावं!”

आत्यानं माळेवरून नजर काढली नाही. “ते बाकीच्यायले,” ती म्हणाली. “हिले जाच म्हणा लागते. बरोबर येते ती.”