त्यांच्या फोटोवरची तिरकी रेघ

फरीदाबादच्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे दोघंच, मी आणि माझे सीनियर. ते लहानपणापासून दिल्लीच्या करोल बागेत वाढलेले, त्यामुळे बोलताना 'अच्छा', 'यार' यायचंच. पण चहाला गेलो की हट्टानं मराठीत बोलायचे.

कंपनीच्या वेबसाइटचं कोड मी लिहायचे. तिथे एक पान होतं. प्रत्येक कर्मचाऱ्याचा चौकोन, त्यात फोटो आणि नाव. एचआरनं मला सांगितलं, जो नोकरीत राहणार नाही त्याच्या चौकोनावर तिरकी रेघ यायला हवी, म्हणजे आता याच्याशी व्यवहार नाही हे क्लायंटना कळेल. चौकोनच काढून टाकू, असं मी सुचवलं. एचआरवाले नको म्हणाले.

मी आधी एक बारीक पट्टी पंचेचाळीस अंशांत फिरवून ठेवली. मोबाइलवर चौकोन लांबट झाला की ती बाहेर लोंबायची. सीनियरनी खुर्ची ओढली आणि वेगळी पट्टी न ठेवता सीएसएसमधला ग्रेडियंट, म्हणजे चौकोनावरच पसरणारी रंगाची छटा, वापरायला सांगितला. सगळा रंग पारदर्शक ठेवायचा, फक्त मधोमध लाल रेघ सोडायची. मग चौकोन कसाही ताणा, रेघ दोन कोपरे सोडत नाही.

एका सोमवारी त्यांनी मला हाक मारली. स्क्रीनवर तेच पान होतं आणि त्यांच्या स्वतःच्या फोटोवर लाल रेघ. त्यांना कोणी काहीच सांगितलं नव्हतं. माझ्याच कोडमध्ये गडबड झाली असणार, असं मी घाईघाईनं म्हणाले.

"नाही गं," ते म्हणाले. "मी बघितलं. तुझं कोड बरोबर आहे."

दुपारी त्यांना आत बोलावलं. कमी करायच्या लोकांची यादी जरा लवकर अपलोड झाली, एवढंच एचआरवाले म्हणाले.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. इंटरव्ह्यू घेणारे नेटवर त्यांचं नाव शोधायचे आणि आधी तेच रेघेचं पान उघडायचं. मी रेघ काढायचा बदल पाठवला, तो मॅनेजरनं फेटाळला. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाला. मी त्यांना तसं कळवलं.

"अच्छा," ते म्हणाले. "राहू दे मग."

त्यानंतर ते माझा फोन उचलेनात. एकदा त्यांच्या बायकोनं उचलला.

"ते ऑफिसच्या कुणाशी बोलत नाहीत," त्या म्हणाल्या.

मी ऑफिसातून नाही, दिल्लीतल्या द्वारकेहून, माझ्या घरून बोलतेय, असं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.